ऑप्शन फॉर्म कुणी भरायचा?

सीईटीचा निकाल लागला की मोहल्ल्यात सल्लागारांचा पूर येतो. मामू म्हणतात, कॉम्प्युटरच घे. खालू म्हणतात, अमुक कॉलेजात ओळख आहे, सीट मिळवून देतो. कुणी एजंटचा नंबर देतं. या गोंगाटात दोन प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मुलाला नेमकं काय शिकायचंय? आणि कागद तयार आहेत का?

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांमागे एकच मुस्लिम असतो. हा आकडा आपण सभांमधून अजूनही ऐकवतो. त्यामागे गरिबी आहे, भेदभाव आहे. पण प्रवेशाच्या त्या दोन महिन्यांत आपल्याच घरातली खोटी प्रतिष्ठा आणि भीतीही मुलांचं मोठं नुकसान करते. तिच्याविरुद्ध बोलायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

आधी प्रतिष्ठा. "इस्लाममध्ये जात नसते" असं म्हणत आपल्याकडे कितीतरी घरं ओबीसीचा दाखलाच काढत नाहीत. श्रद्धा म्हणून ते वाक्य योग्यच आहे. पण बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन हे महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. लग्न जुळवताना आपल्याला बिरादरी पक्की आठवते. दाखला काढायची वेळ आली की सगळे एकदम समान होतात! दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र हे काम आठवड्याभरात होत नाही. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग जुनी कागदपत्रं शोधणं, सुनावणी, चकरा. म्हणून ही धावपळ दहावीनंतर लगेच सुरू व्हायला हवी. बिरादरी यादीत नसेल आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढा.

2014 साली मुस्लिमांना 5 टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला अंतरिम आदेशात स्थगिती दिली नाही, तरीही सरकारने अध्यादेश संपू दिला. त्या हक्कासाठी लढायलाच हवं. पण जो हक्क आज कायद्यात आहे, तो आळसाने सोडून देणाऱ्यांनी मोर्चात पुढे चालू नये.

मुलींच्या बाबतीत तर हे दाखले म्हणजे रोख पैसे आहेत. 2024-25 पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही माफी गेली. एजंट हे सांगणार नाही.

आता भीती. मुलीला पुण्याच्या सीओईपीला किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयला जागा मिळण्याइतके गुण असतात, पण ऑप्शन फॉर्मवर ते नावच टाकलं जात नाही. का? हॉस्टेल, लोक काय म्हणतील, रिश्ते येणार नाहीत. 9 जानेवारीला फातिमा शेख यांचा फोटो स्टेटसला लावायचा आणि घरातल्या फातिमाला रिक्षाच्या अंतरावरच्या कॉलेजात बसवायचं, हा ढोंगीपणा आहे. त्याच घरातला मुलगा कमी गुण घेऊन दुसऱ्या शहरात राहतो, तेव्हा कुणाची झोप उडत नाही.

'आपलं' कॉलेज हवं, हा त्या भीतीचाच सभ्य चेहरा. अंजुमन-ए-इस्लामसारख्या 1874 पासूनच्या संस्थेने पिढ्या घडवल्या. अशा संस्थांमधल्या अल्पसंख्याक जागांचा फायदा जरूर घ्या. पण मॅनेजमेंट आपल्या समाजाची आहे एवढ्यावर कॉलेज चांगलं ठरत नाही. त्यालाही तेच प्रश्न विचारा, जे इतरांना विचाराल.

कोणते प्रश्न? त्या शाखेला एनबीएची मान्यता आहे का? ही मान्यता शाखेनुसार मिळते, साऱ्या कॉलेजला नाही. डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहेत का? सगळ्यात मोठं पॅकेज कितीचं हे ऐकू नका. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं आणि किती जणांना काहीच मिळालं नाही, ते विचारा. शाखेच्या नावापुढे 'एआय' जोडलं म्हणून भुलू नका, अभ्यासक्रम उघडून वाचा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. गणिताची आवडच नसेल तर जबरदस्ती करू नका. आणि सीईटीत गुण कमी पडले तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हाही रस्ता आहे. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

हे काम अब्बा-अम्मींवर टाकून चालणार नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी कॉलेजची पायरी पाहिलेली नाही. त्यांची भीती खरी आहे. काम तुमचं आहे, जे शिकलात, ज्यांना लहान भाऊ-बहीण 'बाजी' आणि 'भाईजान' म्हणतात. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहेत, ते घेऊन त्यांच्यासोबत बसा. आवडीच्या क्रमाने पर्याय लावायला शिकवा, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तो पक्का होतो, पुढच्या फेऱ्या बंद. हॉस्टेलबद्दल अब्बांशी तुम्ही बोला. गरज पडली तर भांडा.

मात्र फॉर्म भरताना माउस त्या मुलीच्या हातात असू द्या. चार वर्षं शिकायचं तिला आहे.