वृक्षाचे वय कोण ठरवणार?

वैशाखातल्या मलकापुरात निंब-पिंपळाच्या सावलीचे मोल वातानुकूलित दालनात बसून कळत नाही. १९७५ च्या नागरी वृक्षसंवर्धन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षांचा वृक्ष ‘वारसा वृक्ष’ ठरला. वृक्ष तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक झाले. उत्तम! परंतु कागदावर साठीचा वड चाळिशीचा दाखवला, की वारसाही संपला आणि वीस रोपेही वाचली. सांगली जिल्ह्यातील भोसे येथील सुमारे ४०० वर्षांचा वड २०२० मध्ये महामार्गातून वाचला, तो लोक उभे राहिले म्हणून. वटपौर्णिमेला बाजारातली तोडलेली फांदी पुजणाऱ्या घरांनी (अशी घरे आपलीच आहेत) आधी आपल्या प्रभागातील जुन्या वृक्षांची नोंद नगरपालिकेच्या वृक्षगणनेत वयासह झाली आहे का, हे लेखी विचारावे.