गाळ नाल्यातला आणि कारभारातला

२६ मे २०२५ रोजी मुंबईत मोसमी पाऊस नेहमीपेक्षा सुमारे पंधरवडाभर आधी पोहोचला आणि काही तासांत दक्षिण मुंबई जलमय झाली. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी येथील छोटी उदंचन केंद्रे वेळेवर चालू झाली नाहीत. वरळीतील आचार्य अत्रे चौकाचे भुयारी मेट्रो स्थानक लोकांसाठी खुले होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेही पाण्याखाली गेले. महानगरपालिकेने उदंचन केंद्रांच्या चार कंत्राटदारांना प्रत्येकी दहा लाख रुपये दंड केला. प्रशासनाच्या लेखी प्रकरण तेथे संपले. नागरिकांच्या लेखी मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. शहराचे पाणी बाहेर काढणे हे महापालिकेचे मूलभूत कर्तव्य असताना त्याचे बटण कंत्राटदाराच्या हाती गेले कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. साकीनाक्याला डोंगरकडा झोपड्यांवर कोसळला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने आणखी बळी घेतले. एवढा पाऊस जगातील कोणतेही शहर सहज पचवू शकले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु निसर्गाच्या कोपाआड कारभाराचा दोष दडवता येत नाही. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेतील एवढ्याच क्षमतेच्या होत्या. ही क्षमता दुप्पट करावी, असे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ सालीच सांगितले होते. तेव्हाचा अंदाजित खर्च सुमारे सहाशे कोटी रुपये होता. बारा वर्षे तो अहवाल प्रामुख्याने कपाटात राहिला. शेकडो माणसे मेल्यानंतरच केंद्र सरकारने बाराशे कोटींची योजना मंजूर केली. गरिबांच्या प्रेतांखेरीज सरकारी फाईल हलत नाही, हा अनुभव मुंबईला नवा नव्हता.

त्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही मोठी उदंचन केंद्रे २०१९ पर्यंत उभी राहिली. हिंदमाता परिसरातील पाणी साठवण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. पूर्वी दिवसदिवस तुंबणारे पाणी आता अनेक ठिकाणी काही तासांत ओसरते. मात्र मोगरा आणि माहूल येथील केंद्रे जागेच्या वादात वर्षानुवर्षे अडकली. ज्या शहरात मनोऱ्यांसाठी जमीन रातोरात मोकळी होते, तेथे पाण्याच्या पंपासाठी ती मिळत नाही.

मूळ प्रश्न जमिनीचाच आहे. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या मुखाशी पाणी सामावून घेणारी पाणथळ जमीन होती. तेथे भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारले गेले. विमानतळासाठी नदीलाच काटकोनात वळवण्यात आले. पुढे २००५ च्या प्रलयानंतर पात्र रुंद करायचे ठरले, तेव्हा काठावरच्या झोपड्या हलल्या. संकुलातील एकही काचेची भिंत हलली नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि झोपडपट्टी यांच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. खाडी बुजवण्याचे निर्णय ज्या कागदांवर झाले, त्यांवर झोपडीवाल्याची सही नव्हती.

दुसरा प्रश्न श्रमाचा. नालेसफाई म्हणजे आता वजनावर मोजलेला गाळ आणि त्यावर निघालेली बिले. २०१५ साली पालिकेच्याच चौकशीत वाहनांच्या फेऱ्या आणि गाळाची वजने यांच्या नोंदींतील गैरव्यवहार उघड झाले. कंत्राटदार काळ्या यादीत गेले, अधिकारी निलंबित झाले. दहा वर्षांनी, मे २०२५ मध्ये, मिठीच्या गाळउपशात कोट्यवधींचा अपहार झाल्याच्या आरोपावरून पोलिसांनी कंत्राटदार आणि पालिका अधिकारी यांच्यावर गुन्हा नोंदवला. त्यात कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. परंतु एकच रोग दर दशकाला त्याच जागी उद्भवत असेल, तर दोष केवळ व्यक्तींत नाही, पद्धतीत आहे, हे सांगायला न्यायालयाची गरज नाही.

या पद्धतीत सर्वांत खाली उभा असतो तो सफाई कामगार. माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले. तरीही हे मृत्यू थांबलेले नाहीत, आणि मरणारा बहुधा कंत्राटी व दलित असतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून मिळाला. तो मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्याच वर्षी २९ ऑगस्टच्या पावसात एल्फिन्स्टनजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. शहर हळहळले, ते योग्यच होते. पण त्याच गटारांशी रोज झुंजणाऱ्यांच्या मृत्यूची बातमी दोन ओळींवर का थांबते, हेही शहराने स्वतःला विचारायला हवे.

आणि हे विचारायचे कोणाला? मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मे २०२५ मध्ये पंप बंद राहिले, तेव्हा जाब विचारायला नगरसेवक नव्हता, उत्तर द्यायला महापौर नव्हता. होता तो केवळ प्रशासक आणि त्याचे दंडाचे पत्रक. लोकशाही तुंबली की पाणीही तुंबते.

म्हणून केवळ आणखी पंप मागून भागणार नाही. गाळउपशाची प्रत्येक नोंद वॉर्डातील नागरिकांपुढे उघडी ठेवली पाहिजे. उदंचन केंद्रे पालिकेच्या कायम कामगारांनी चालवली पाहिजेत. गटारातले काम यंत्राने झाले पाहिजे आणि ते यंत्र चालवणारा हात पालिकेच्या पटावरचा असला पाहिजे. खाडी, मिठागरे आणि कांदळवन यांची उरलेली इंचन् इंच जमीन बिल्डरांपासून वाचवली पाहिजे. भरती पंचांगात आधीच छापलेली असते. पाऊस दरवर्षी येतोच. अनपेक्षित असे त्यात काहीच नाही. पालिकेची तयारी मात्र दर मेमध्ये नव्याने निविदेला निघते.