चालायचंच!

जुन्या गाडीवाल्यांना सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "जुनी गाडी आहे हो, चालायचंच!" घाटात दम लागतो? चालायचंच. पेट्रोल जास्त पिते? चालायचंच. माझं म्हणणं असं की यातलं बरंचसं गाडीच्या वयाचं नसतंच, इंजिन जोडताना न मोजलेल्या चार-सहा अंशांचं असतं.

आमच्याकडे बाबांची 1974ची मार्क टू अ‍ॅम्बॅसेडर आहे. (वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींपैकी निम्मे तिच्या मागच्या सीटवर उलट्या करून मोठे झालेत :)) यंदा तिचं इंजिन पूर्ण उघडलं. जाणकार म्हणाले, टायमिंगचं काय एवढं? क्रँकच्या छोट्या चाकावर एक ठिपका, कॅमच्या मोठ्या चाकावर एक. दोन्ही समोरासमोर आणा, चेन चढवा, विषय संपला.

ठिपके खोटे नसतात. कारखान्यातून नवंकोरं आलेल्या इंजिनाला ते पुरेसे होते. पण उत्तरपाऱ्यात अ‍ॅम्बॅसेडर बनणं 2014 मध्ये थांबलं. आज आपण जोडतो ते इंजिन दहा ठिकाणचं गोळा केलेलं असतं. कॅम पुन्हा ग्राइंड केलेला, चाक कुणाच्या तरी लेथवरचं, त्यातली चावीची खाच किंचित सरकलेली. शिवाय चेन झिजून लांबली की कॅम मागे राहतो. (हेड घासल्याने टायमिंग बदलतं असंही कुणी सांगतं. ते हेडमध्ये कॅम असलेल्या इंजिनांचं. आपला कॅम ब्लॉकमध्ये आहे.)

एक दात चुकला तर परवडलं. मोठ्या चाकाला 40 दात धरले तर एका दाताला क्रँकचे 18 अंश, इंजिन लगेच बोंब मारतं. सहा अंशांची चूक बोलत नाही. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला की कमी वेगात पिस्टन आत आलेला माल थोडा परत ढकलतो, चढावर ओढ कमी पडते, बस्स.

मागच्या इंजिनकामानंतर खंबाटकीला गाडी तिसऱ्या गिअरवर चढेना. बाबांनी गाडीला काही म्हटलं नाही. "आता माझ्याच्याने नाही होत" म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. माझा राग त्या "चालायचंच"वर आहे तो यासाठी.

तर मोजायचं कसं? क्रँकच्या टोकाला अंशांची चकती, पुशरॉडवर डायल गेज. 1 नंबरचा पिस्टन अगदी वर कधी येतो हे नजरेने ठरवू नका, तिथे तो क्षणभर रेंगाळतो. अडणी लावून दोन्ही बाजूंनी टेकवा आणि मधला आकडा घ्या. कॅमच्या उंचवट्याचंही तसंच. शिखराच्या अलीकडे-पलीकडे सारख्या उंचीवर वाचून मध्य काढा. तो कुठे हवा? उदाहरणाला एमजीबी घेऊ, तिचं 1798 सीसीचं इंजिन आपल्या 1489चं मोठं भावंड. इनटेक 16 अंश आधी उघडतो, 56 अंश नंतर मिटतो. मधले 180 धरून 252, निम्मे 126, त्यातून 16 वजा. म्हणजे पिस्टन वर येऊन गेल्यावर 110 अंशांवर. आपल्या गाडीच्या पुस्तकातले आकडे घेऊन हाच हिशोब करायचा.

आमचं इंजिन उघडण्याआधी 8 अंश उशिरा होतं. नवी चेन, ठिपक्याला ठिपका, तरी 6! कॅमच्या चाकाला पायरीची चावी बसवली, ती 3 अंशांची, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. एक रविवार गेला त्यात. चकती बाबांनी स्वतः धरली होती, आणि वाचन तीनदा घ्यायला लावलं.

इंजिन पुढच्या आठवड्यात गाडीत बसेल. किल्ली परत खुंटीवर टांगली आहे. डायल गेज कुणाला हवं असेल तर घेऊन जा, फक्त आठवणीने परत आणून द्या.