जनाबाई प्रमाणापुरतीच का?



सज्जनहो, कीर्तनात आपण अभंग दोन ठिकाणी घेतो. एक सेवेचा अभंग. तो धरून दोन तास एकेका चरणाचे निरूपण करायचे. दुसरा प्रमाणाचा. बोलता बोलता एखादा मुद्दा मांडला की साक्षीला त्याचे दोन चरण म्हणायचे, टाळकऱ्यांनी ते उचलायचे आणि पुढे जायचे. आता तुम्हीच आठवून सांगा. गेल्या वर्षभरात जेवढी कीर्तने ऐकलीत, त्यांत मुक्ताईचा, जनाबाईचा, सोयराबाईंचा किंवा बहिणाबाईंचा अभंग सेवेला कितीदा होता? प्रमाणाला जनाबाई पुष्कळदा आली असेल. पण सेवेला?

हा दोष केवळ कीर्तनकाराचा नाही. कीर्तनकार जे शिकतो तेच उभा राहून सांगतो. दोष आपल्या शिकवण्यात आहे. आपण या संत स्त्रियांना गातो, पण शिकवत नाही. पाठशाळेत, भजनाच्या वर्गात, गायनाच्या परीक्षेत त्यांची जागा तोंडी लावण्यापुरती आहे, आणि ती बदलली पाहिजे, एवढेच मला या लेखात भांडून सांगायचे आहे.

एका पाठशाळेत तोंडी परीक्षा घ्यायला बसलो होतो. संप्रदायाला देवालयाची उपमा दिलेला, पाया कोणी घातला आणि कळस कोण झाले हे सांगणारा जो अभंग आहे, तो कोणाचा, असे एका हुशार मुलाला विचारले. मुलगा म्हणाला, ‘तुकोबारायांचा.’ मी म्हटले, ‘अरे, तुकोबाराय स्वतःलाच कळस म्हणवून घेतील का?’ मुलगा गप्प झाला. पुढच्या चार मुलांनीही हेच उत्तर दिले. तो अभंग शिऊरच्या बहिणाबाईंचा. शेवटच्या चरणात त्यांचे नाव आहे. पण आपले गायन कळसापर्यंत येते आणि लगेच गजर सुरू होतो, मग ते नाव ऐकणार कोण? ज्या अभंगावर संप्रदायाचा सारा इतिहास आपण तोंडपाठ सांगतो, तो रचणारी बाईच आपल्याला ठाऊक नाही. काहींना बहिणाबाई म्हटले की खानदेशच्या बहिणाबाई चौधरीच आठवतात. त्यांच्या ओव्या थोर आहेत, पण त्या 1880 सालच्या, आणि या 1628 च्या. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचे अंतर आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेचा. सेवेला अभंग घ्यायचा तो ज्ञानोबाराय, नामदेवराय, नाथबाबा, तुकोबाराय आणि निळोबाराय यांचा, अशी वहिवाट आहे म्हणतात. वहिवाटीचा मान मी आयुष्यभर राखला. पण विचार करा. निळोबाराय आपल्याला मान्य का? तर तुकोबारायांचा अनुग्रह त्यांना झाला म्हणून. मग बहिणाबाईंना कोणाचा झाला? कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले, ध्यास लागला, आणि स्वप्नात तुकोबारायांनी कृपा केली. पुढे त्या देहूला जाऊन राहिल्या आणि तुकोबांचे कीर्तन त्यांनी समक्ष ऐकले. ब्राह्मणाच्या घरची बाई कुणब्याला गुरू मानते म्हणून घरात मार खाल्ला, तरी मागे सरल्या नाहीत. हे सगळे त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवले आहे. तुकोबारायांना डोळ्यांनी पाहून लिहिणारी साक्ष आपल्या गाथ्यांत आहे आणि आपला विद्यार्थी तिचे पान उलटत नाही. याला वहिवाट कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप असा की बायकांच्या अभंगांत भाव आहे, सिद्धान्त नाही, मग दोन तास निरूपण कशाचे करणार? हे बोलणाऱ्याने चांगदेवांना विचारावे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेले म्हणून ज्यांची कीर्ती, त्यांनी गुरू केले ते मुक्ताईला. तिचा मुंगीचा कूट अभंग घ्या. उलगडता उलगडता जाणत्याला घाम फुटतो. लेकुरवाळ्या विठोबाचा जनाबाईचा अभंग आपण शाळेत बालगीत म्हणून शिकवतो, मुले हातवारे करून म्हणतात आणि आपल्याला कौतुक वाटते. पण तिने त्या एका देहावर कोणाकोणाला बसवले ते पाहा. कुंभार मांडीवर, शिंपी करंगळीला, आणि ज्याला देवळाच्या दाराबाहेर उभे केले तो चोखोबा थेट देवाच्या जिवाशी. भेदाभेद अमंगळ आहे हे सांगायला याहून मोठा सिद्धान्त कोणता हवा? यावर दोन तास कमी पडतात.

तिसरा आक्षेप फार गोड शब्दांत येतो. ‘संतांना नावाची हाव नव्हती, मग अभंग कोणाचा हे कशाला उगाळायचे?’ हाव नव्हती हे खरेच. पण शेवटच्या चरणात नाममुद्रा घालण्याची रीत संतांनीच घातली आहे. तुकोबांची मुद्रा आपण कधी गाळत नाही. मग जनीची, बहिणीची का गळते? सोयराबाई तर स्वतःचे नावही घेत नाहीत. चोखोबांचे नाव आणि आपली जात, एवढीच त्यांची मुद्रा. सगळे रंग एकच होऊन गेल्याचा त्यांचा अभंग गानसरस्वती किशोरी आमोणकर यांनी असा गायला की घराघरांत पोचला. आज लोक म्हणतात, ‘किशोरीताईंचा अभंग.’ दोष गायिकेचा नाही. त्यांनी तो अभंग जिवंत ठेवला. पण गायन शिकणाऱ्या मुलीला चाल, आलाप आणि ताना मिळतात, आणि रचणारी कोण, तिला देवळात पाऊल टाकता येत होते की नाही, हे कोणी सांगत नाही. ते कळल्याशिवाय त्या अभंगातला आनंद किती महागाचा आहे हे गळ्यात कसे उतरणार?

आता खास गायनाविषयी. ज्ञानोबारायांनी नऊ हजार ओव्या सांगितल्या. ती ओवी आली कुठून? चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे त्या नोंदीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. बायकांच्या मुसळाच्या घावावर वाढलेल्या गाण्याचे नाव माउलींच्या ग्रंथाने धारण केले. असे असताना आपल्या गायनवर्गात ओवी शिकवतात ती पोथी वाचण्याची एक रीत म्हणून. जनाबाईने दळण, कांडण, झाडलोट आणि गोवऱ्या वेचणे हे सारे अभंगात आणले, आणि देवाला तिथे हात लावायला बोलावले. पखवाजाच्या विद्यार्थ्याला तिचा एक अभंग जात्याच्या फेऱ्याची लय धरून म्हणायला लावा. लय म्हणजे काय हे त्याला बोलांच्या वहीपेक्षा लवकर कळेल. मुक्ताईचे ताटीचे अभंग घ्या. कडवे संपले की दार उघडण्याची तीच विनवणी फिरून येते. पण आधी ती धाकट्या बहिणीची आर्जव असते, मग समजूत असते, आणि शेवटी गुरूचा अधिकार असतो. शब्द तेच आणि भाव निराळा. धृपद कसे म्हणावे याचा इतका सोपा धडा मला दुसरीकडे सापडला नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पाठशाळेच्या पहिल्या वर्षी हरिपाठाबरोबर ताटीचे अभंग पाठ असावेत. पुढच्या वर्षी बहिणाबाईंचे आत्मनिवेदन अर्थासह लावावे. कीर्तनाच्या परीक्षेत सेवेच्या अभंगांपैकी एक तरी संत स्त्रीचा असल्याशिवाय विद्यार्थ्याला उत्तीर्ण करू नये. भजनाच्या वर्गात अभंग सांगण्याआधी तो कोणाचा हे सांगावे आणि मुद्रेचा चरण गाळू नये.

आणि वाचकहो, थोडे तुमच्याही हाती आहे. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून महिन्याहून अधिक चालत पंढरीला येते, तेव्हा तुम्ही तिच्यापुढे लोटांगण घालता. गोपाळपुरी काल्याला जाता, तेव्हा जनाबाईच्या जात्याला हात लावून येता. जात्याला हात लावलात, तर अभंगालाही लावा. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे निमंत्रण घेऊन महाराजांकडे जाता, तेव्हा एवढेच म्हणा, ‘महाराज, सात दिवसांतली एक सेवा मुक्ताईच्या, जनाबाईच्या, सोयराबाईंच्या नाही तर बहिणाबाईंच्या अभंगावर होऊ द्या.’ गावागावांतून असे विचारणे सुरू झाले की महाराज अभंग शोधतील, आणि महाराज शोधू लागले की पाठशाळेला तो शिकवावाच लागेल. पत्रिका छापायला जाण्याआधी विचारा. नंतर जागा उरत नाही.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!