सरहद्दीपलीकडचा रुग्ण

हैदराबादेतील ब्रिटिश रेसिडेंटच्या ताब्यातील रेसिडेन्सी बाजार 1933 साली निजाम सरकारच्या अंमलाखाली परत आला आणि सुलतान बाजार या नावाने ओळखला जाऊ लागला. तोवर चोहोबाजूंनी निजामी इलाख्याने वेढलेले ते एक इंग्रजी बेटच होते; म्हणजे सरहद्द शहराच्या पोटातच होती. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 व 1889 साली क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाची परीक्षा करणारे दोन आयोग ज्या शहरात बसले, त्या शहरात वैद्यकविद्येचा संचय विपुल झाला; परंतु त्याच संस्थानाची रयत असलेल्या नांदेड-परभणीच्या कुणब्याला त्या विद्येचा लाभ व्हावयाचा तर वाटखर्च स्वतःच्या गाठीचा मोडावा लागे.

1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला, त्याच वर्षी औरंगाबादेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले; तथापि दुर्धर व्याधीने ग्रासलेल्या नांदेडच्या माणसाची पावले अद्यापि हैदराबादकडेच वळतात, कारण मुंबईहून हैदराबाद त्याला कितीतरी जवळ आहे. उपचाराचा मार्ग भूगोल ठरवितो, तर उपचाराचा पैसा राज्याची सरहद्द ठरविते, ही विसंगती त्याच्या नशिबी आली आहे. तेलंगणाने 'आरोग्यश्री' या मोफत उपचार योजनेची मर्यादा डिसेंबर 2023 मध्ये कुटुंबामागे दहा लाख रुपये केली, तरी तो लाभ तेथील शिधापत्रिकाधारकांचा. केंद्र सरकारच्या 2018 सालच्या 'आयुष्मान भारत' योजनेने परराज्यात उपचार घेण्याची मुभा दिली, हे स्तुत्यच. परंतु तिचा आधार प्रायः रुग्णालयात दाखल झालेल्याला मिळतो. वारंवारची तपासणी, महिनोन्‌महिने चालणारी औषधे, सोबत्याचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबाच्याच माथी राहतो.

दूरच्या उपचाराच्या खर्चाचा हा प्रश्न लहान द्वीपराष्ट्रांना टाळता आलेला नाही. ज्या देशाची वस्ती काही लाखांची, तेथे प्रत्येक शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ ठेवणे अशक्य, ही वस्तुस्थिती त्यांनी मान्य केली आणि तिला अनुसरून खजिन्याची व्यवस्था लावली. मालदीवने 2012 साली 'आसंधा' योजना सुरू केली. देशात न होणाऱ्या उपचारासाठी भारत वा श्रीलंकेत पाठविलेल्या रुग्णाचा भार तिच्यातून सरकार उचलते. मराठी कुटुंबे जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत त्या मॉरिशसमध्ये सरकारी रुग्णालयांतील सेवा करांच्या उत्पन्नातून विनामूल्य मिळते, आणि परदेशी उपचारासाठी गरजूंना सरकारी साहाय्यही दिले जाते. दूरच्या उपचाराला तेथे राज्याच्या कर्तव्यात स्थान आहे.

महाराष्ट्र व तेलंगण या दोन सरकारांनी हेच तत्त्व स्वीकारून परस्परांत करार करावा. सरहद्दीवरील जिल्ह्यांच्या रुग्णाला जवळच्या योग्य रुग्णालयात उपचार मिळावा, हिशेब दोन्ही सरकारांच्या दप्तरांनी आपसांत चुकता करावा, आणि बाह्यरुग्णाची औषधे, प्रवास व सोबत्याचा निवास यांनाही उपचाराच्या खर्चात स्थान द्यावे. जोवर रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च रुग्णावर आहे, तोवर दाराच्या आत दिलेली लाखांची हमी सर्वांत गरजू माणसाच्या उपयोगी पडणार नाही.