फरशीखाली गेलेला परस

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या सौ. अळूसाठी दोन बाजार हिंडल्या. तिसऱ्या ठिकाणी मिळाले ते काळ्या देठाचे, वडीचे अळू. ऋषींच्या भाजीचा नियम वाचकांस ठाऊकच आहे: बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही. नांगरून पिकविलेले वर्ज्य, परसात खुरप्याने लावलेले ग्राह्य. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा ही सारी मूळची परसातली मंडळी. आता ती चोइथराम मंडीतून येतात. शेत ट्रॅक्टरने नांगरले, तेव्हा बैलाचे श्रम नाहीतच, असा बचाव एका स्नेह्यांनी केला. तो ऋषींपुढे टिकेल असे आम्हांस वाटत नाही.

त्या दिवशी प्रथम मनात आले, की आपला परस गेला कुठे? तो कोणी हिरावून नेलेला नाही. आपणच त्याच्यावर फरशी घातली.

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग या जुन्या वस्त्यांच्या नावांत तेवढी बाग उरली आहे. पूर्वी मोरीच्या पाण्यावर अळू माजे, आडाच्या काठी केळ असे, मागील दाराशी कढीलिंब आणि भिंतीलगत शेवगा. सदनिकांत राहणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ज्यांच्या दारात आजही शंभर-दोनशे चौरस फूट जमीन आहे आणि तिच्यात तुळशीपुरतीही माती उघडी ठेवलेली नाही, त्यांच्याशी आहे. त्यांत पहिले अपराधी आम्हीच. सरकारी नोकरीत असताना दर पावसाळ्यात वृक्षारोपणाची विवरणपत्रे आम्ही वर पाठवीत असू. त्याच काळात मोटार उभी करावयाची म्हणून घरचा परस आम्ही झाकून टाकला. गवंड्याला पैसे देताना काही चुकते आहे असे वाटलेसुद्धा नाही.

त्या ऋषिपंचमीनंतरच्या उन्हाळ्यात दहा फूट बाय दहा फूट फरशी उखडली. खाली माळव्याची काळी माती निघाली. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात पाणी धरून बसते. लावलेल्या तिन्ही पपया श्रावणात बुंध्याशी पाणी साचून सडल्या. दुसऱ्या वर्षी वीतभर उंच गादीवाफे केले, मातीत भरपूर कुजलेले खत मिसळले आणि पपया उंचवट्यावर लावल्या. मृगात टोकलेला दोडका भाद्रपदात मांडवावर लोंबू लागला. हे सांगण्याचे कारण एवढेच, की या कामी आम्हांस कोणतीही उपजत विद्या नव्हती. आम्ही फाइलींत वाढलेले गृहस्थ.

यावर मिळणारी उत्तरे आम्हांस आता तोंडपाठ आहेत.

पहिले, ‘भाजी बाजारात स्वस्त मिळते.’ मान्य. शंभर चौरस फुटांत घरची भाजी भागत नाही आणि श्रमांची किंमत धरली तर हिशेब तोट्याचाच येतो. परंतु कोवळी अंबाडी, अळूचे फतफते, फोडणी तडतडत असताना तोडून आणलेला कढीलिंब, या वस्तू बाजार वेळेवर देत नाही. आणि प्रत्येक गोष्ट स्वस्ताईनेच जोखायची, तर हे त्रैमासिक तरी आपण कशाला काढतो?

दुसरे, ‘पाणी कुठे आहे?’ ही हरकत मात्र गंभीर आहे. १९७८ पासून इंदूर नर्मदेचे पाणी पिते. ते सुमारे सत्तर किलोमीटरांवरील जलूदहून पंपांनी घाट चढवून आणावे लागते. असे पाणी नळी लावून वाफ्यात सोडणे हा अपराधच होय. परंतु तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी रोज बादलीभर मोरीत जाते, ते झाडांना चालते. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की तेवढ्यावर उन्हाळ्यातही बरेचसे निभते. शिवाय फरशीवर पडलेला पाऊस गटारात जातो. मातीवर पडलेला निदान काही अंशी जमिनीत मुरतो.

तिसरे उत्तर ऐकून आम्हांस हसू येते आणि खंतही वाटते. ‘कचऱ्याची गाडी येते, खत कशाला करायचे?’ आपले शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले, याचा आम्हांसही अभिमान आहे. ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प येथे २०२२ मध्ये सुरू झाला. ज्यांच्या दारात माती नाही त्यांच्यासाठी ही सोय उत्तमच. पण दारात माती असूनही भाजीची देठे आपण गाडीत टाकतो आणि कुंडीसाठी खताची पिशवी दुकानातून विकत आणतो.

आणि हे कोठे, तर इंदुरात! १९२४ मध्ये येथे होळकर दरबाराच्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांचे थर रचून, ते ठराविक काळाने परतून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत त्यांनी येथे सिद्ध केली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. १९३१ च्या त्या विषयावरील ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव सहलेखक म्हणून आहे. आपल्यापैकी कितीजणांस ते ठाऊक आहे? आम्हांसही साठी उलटल्यावर कळले.

आता या पत्रिकेत हा विषय का, ते सांगतो. मुलांची मराठी हरपली, ही तक्रार आपल्या प्रत्येक बैठकीत होते. परंतु शब्द नुसत्या व्याख्यानांनी टिकत नाहीत. त्यांस वस्तू लागते. आमचा नातू वाफ्याला ‘क्यारी’ म्हणे आणि आळे हा शब्द त्याने ऐकलाच नव्हता. आम्ही त्यास शिकवणी लावली नाही, हाती खुरपे दिले. आज तो आळे करतो, मातीची भर देतो, फुटवा खुडतो आणि पडवळ सरळ वाढावे म्हणून टोकाला दगड बांधतो. हे करताना तो जे बोलतो ते मराठीच असते, कारण या कामाचे शब्द त्याला आजीकडून मिळाले. त्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोणत्याच भाषेत नाहीत.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. सारा परस उघडा करा असे आम्ही म्हणत नाही. मोटार आमचीही आहे. येत्या मृगापूर्वी भिंतीकडच्या सहा फरश्या काढा. पहिल्या वर्षी अळू आणि कढीलिंब, एवढेच लावा. आणि आपल्या संस्थेच्या मागील अंगणात गेल्या दुरुस्तीत घातलेल्या सिमेंटविषयी कार्यकारिणीने फेरविचार करावा. तो ठराव झाला तेव्हा आम्हीही हात वर केला होता.

भाजीच्या, पांढऱ्या देठाच्या अळूचे बेणे पुढे एका वृद्ध भगिनींकडून आम्हांस मिळाले. आता ते आमच्या वाफ्यात मावेनासे झाले आहे. ज्यांना कंद हवे असतील त्यांनी ज्येष्ठात पिशवी घेऊन यावे. खुरपे आमच्याकडे आहे.