अपडेटची तिथी

आमच्या कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला म्हणजे महाशिवरात्रीलाच भरते. देवालासुद्धा तिथी चुकत नाही. फोन कंपनीला मात्र तिथीच नाही!

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले. माझ्या फोनच्या खोक्यावर 'फाइव्ह-जी' छापलेले. आत मात्र कुलूप. किल्ली म्हणजे अपडेट. फोनवाले म्हणत, ''सिमवाल्यांची चाचणी चालू आहे.'' सिमवाले म्हणत, ''फोनवाल्यांना विचारा.'' शेवटी सरकारने दोघांना बैठकीला बोलावले. अपडेट आले ते डिसेंबरात!

शेजारचे तात्या म्हणाले, ''आधी हयसर रेंज तरी येवंदे!''

कबूल. पण तात्या, आपणही हापूस कच्चाच पेटीत भरतो. आठवडाभरात पिकेल म्हणून सांगतो, आणि तो पिकतो. खोक्यावर किंमत छापता ना? मग अपडेटची तारीखही छापा!